कच्छच्या भूमीचे देणे-घेणे

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या कच्छी कुटुंबात एक घरगुती बैठक झाली. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे मलाही बोलावणे आले. हे कुटुंब तीन पिढ्यांपूर्वी कच्छच्या वागड भागातून कोल्हापुरात आले आणि इथल्या फौंड्रींना लागणारा माल पुरवण्याच्या व्यापारात स्थिरावले. मूळ गावचे त्यांचे घर २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात जमीनदोस्त झाले. तेव्हापासून ती जागा तशीच पडून आहे. ज्येष्ठ काकांची इच्छा अशी की, तिथे पुन्हा लहानसे घर बांधावे; मुलांचे मत असे की, जागा विकून मोकळे व्हावे. धाकटा म्हणाला, "बापूजी, ती जमीन भरवशाची नाही." काका शांतपणे उत्तरले, "अरे, आपल्या दुकानात बेंटोनाइटच्या गोणी कुठून येतात? त्याच मुलखातून ना?" त्यावर थोरल्याने मला विचारले, "सर, खाणी खोदून खोदून जमीन पोकळ झाली, म्हणूनच तर भूकंप होत नसतील?"

चहा होईपर्यंत जेवढे सांगता आले, तेवढे त्या दिवशी सांगितले. परंतु ज्यांची मुळे कच्छमध्ये आहेत, अशा अनेक घरांत हा प्रश्न मनात असणार. म्हणून या वेळचे सदर त्यासाठीच.

कच्छच्या भूमीची कथा एका तड्यापासून सुरू होते. भारत, आफ्रिका आणि मादागास्कर हे भूभाग एके काळी एकाच महाखंडात जोडलेले होते. तो महाखंड फुटू लागला, तेव्हा आजच्या कच्छच्या जागी जमीन ताणली गेली. पूर्व-पश्चिम दिशेने लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांमधला प्रदेश खचत गेला. अशा खचलेल्या पट्ट्याला खचदरी म्हणतात. सुमारे सतरा-अठरा कोटी वर्षांपूर्वी तिच्यात समुद्र शिरला आणि गाळाचे थरावर थर साचत गेले. आज कच्छच्या उजाड टेकड्यांवर समुद्री जीवांचे चक्राकार जीवाश्म सापडतात, ते त्याच समुद्राची साक्ष देतात.

पुढे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हाचे पूर आले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हापासून घडला, त्याचीच एक किनार कच्छपर्यंत पोहोचली. उष्ण, दमट हवेत हा पाषाण कुजत गेला. त्यातून कुठे ॲल्युमिनियमचे खनिज असलेले बॉक्साइट झाले, तर कुठे बेंटोनाइटची चिकणमाती झाली. ही माती साच्याच्या वाळूला चिकटपणा देते, म्हणून फौंड्रीला लागते. विंधनविहिरींच्या कामात लागते. तिच्यावर प्रक्रिया करून खाद्यतेलाचा रंगही उतरवतात. त्यानंतर, पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, किनाऱ्याजवळच्या दलदलीत झाडझाडोरा गाडला गेला आणि त्याचा लिग्नाइट झाला. पानंध्रोची खाण आणि तिच्या जवळचे वीजकेंद्र याच लिग्नाइटवर उभे राहिले. मग पुन्हा उथळ समुद्र आला. नाण्यासारख्या चपट्या, गोल जीवांची असंख्य कवचे त्याच्या तळाशी साचली आणि चुनखडीचे थर तयार झाले. आजच्या सिमेंट कारखान्यांचा कच्चा माल तो हाच.

म्हणजे कच्छच्या खनिजसंपत्तीचा मोठा वाटा त्या प्राचीन तड्याने दिला. जमीन खचली म्हणून समुद्र आला, गाळ साचला, दलदली झाल्या.

आता दुसरी बाजू पाहू. महाखंडापासून सुटलेला भारत उत्तरेकडे सरकत सरकत आशिया खंडाला जाऊन भिडला. ती टक्कर अजून थांबलेली नाही; दरवर्षी काही सेंटिमीटर या गतीने भारत उत्तरेकडे रेटतोच आहे. तिचा दाब हिमालयात तर जाणवतोच, पण कच्छच्या जुन्या भेगांवरही येतो. ज्या भेगांवरून जमीन एकेकाळी खाली घसरली होती, त्याच भेगांवरून ती आता वर ढकलली जात आहे. कच्छच्या डोंगररांगा या उचलीतूनच घडल्या आणि खोलवर गाडलेले जुने थर कलून उघड्यावर आले. ही उचल मात्र संथपणे होत नाही. शेकडो वर्षे ताण साठतो, खडक तो सोसत राहतात आणि सहनशक्ती संपली की काही सेकंदांत सरकतात. त्यालाच आपण भूकंप म्हणतो. संपत्ती आणि संकट यांचा उगम इथे एकच आहे.

मग खाणींचे काय? थोरल्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. माणसाच्या कामामुळे जमीन कधी हादरतच नाही, असे म्हणता येणार नाही. कोलारच्या खोल सोन्याच्या खाणींत खडक फुटून धक्के बसत असत. आपल्या कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला, त्याचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी लावतात. तिथे खडकांत आधीच असलेल्या ताणाला पाण्याने चालना दिली. परंतु कच्छचा हिशेब वेगळा आहे. तिथल्या उघड्या खाणींची खोली मीटरमध्ये मोजावी लागते. २००१ च्या भूकंपाची नाभी सुमारे २० किलोमीटर खोल होती. शिवाय पानंध्रोची खाण सुरू होण्यापूर्वीच, २१ जुलै १९५६ रोजी, अंजारला विनाशकारी भूकंप झाला होता. आणि त्याही आधी १८१९ चा महाभूकंप होऊन गेला होता.

त्या भूकंपाची हकीकत व्यापाऱ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. १६ जून १८१९ रोजी कच्छचे मोठे रण हादरले. सिंधच्या वाटेवरील सिंद्री नावाची गढी आणि तिच्या भोवतालचा प्रदेश खाली खचला, तिथे पाणी भरून विस्तीर्ण सरोवर झाले. गढीतील माणसांनी बुरुजावर चढून जीव वाचवला. तिच्या उत्तरेला मात्र जमीन कित्येक मीटर वर उचलली गेली आणि ८० किलोमीटरहून लांब असा एक बांध उभा राहिला. माणसाने बांधलेल्या बांधांपासून वेगळा, म्हणून लोकांनी त्याला 'अल्लाहबंद' म्हटले. सिंधू नदीच्या पूर्वेकडील एका जुन्या प्रवाहाची वाट त्याने अडवली. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांनी आपल्या ग्रंथात या घटनेची नोंद घेतली, तेव्हापासून जगभरच्या विद्यार्थ्यांना कच्छ माहीत झाले. पाण्याची वाट बदलली आणि लखपत या भरभराटीच्या बंदराचे वैभव ओसरत गेले. आज तिथे भक्कम तटबंदी उभी आहे, पण आतली बाजारपेठ उरलेली नाही.

जमिनीचा स्वभाव आपल्या हाती नाही. भिंत कशी बांधायची हे मात्र आपल्या हाती आहे. २००१ च्या प्रजासत्ताकदिनी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा धक्का बसला. सुमारे २० हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचे प्राण भिंतींनी आणि छपरांनी घेतले. अंजारमध्ये ध्वजवंदनाच्या मिरवणुकीत निघालेली शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडले गेले. दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतील अनेकींच्या तळमजल्यावर मोटारींसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. भद्रेश्वरच्या प्राचीन तीर्थाची मोठी हानी झाली आणि समाजाने ते पुन्हा उभारले. याउलट, बन्नीच्या गवताळ प्रदेशातील भुंगे, म्हणजे मातीच्या भिंतींची आणि हलक्या शाकारणीची गोल घरे, बऱ्याच ठिकाणी टिकून राहिली. गोल भिंतीला कमकुवत कोपरा नसतो आणि हलके छप्पर पडले तरी जीव घेत नाही.

भूकंपानंतर लाखो घरे नव्याने बांधली गेली. अनेक ठिकाणी मालकाने स्वतः घर बांधायचे आणि बांधकाम नियमाप्रमाणे झाल्याचे अभियंत्याने तपासले की सरकारी मदतीचा पुढचा हप्ता मिळायचा, अशी रीत ठेवली होती. पैसा आणि तपासणी यांची सांगड घातल्याने गवंड्यांच्या हातालाही नवे वळण लागले.

या सदराचे वाचक मूळ गावी घर, पेढी, गोदाम किंवा धर्मशाळा बांधणार असतील, तर त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. जोत्यावर, खिडक्या-दारांच्या वर आणि छपराखाली घरभर फिरणारा सळई-काँक्रीटचा अखंड पट्टा आहे ना? कोपऱ्यांत उभ्या सळया आहेत ना? तळमजला मोकळा ठेवून वर जड मजले चढवलेले नाहीत ना? गोदामातील उंच मांडण्या भिंतीला आणि जमिनीला पक्क्या जखडल्या आहेत ना? या गोष्टींचा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने थोडा असतो. तो वाचवणे म्हणजे विम्याचा हप्ता चुकवून दुकान चालवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. श्रावकाने टाळाव्यात अशा पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याचा व्यवसाय सांगितला आहे. आपण हातात कुदळ घेत नाही, हे खरे. परंतु आपल्या घराच्या सिमेंटमध्ये, तेलाच्या डब्यात आणि ताटातल्या मिठात ती भूमी आलेलीच असते. खाणीत आणि मिठागरात राबणाऱ्या माणसांच्या घरांना पट्टे आहेत का, हे विचारण्याची जबाबदारी माल विकत घेणाऱ्यावरही येते. गावी दानाचा विचार होतो, तेव्हा नव्या कमानीआधी शाळेच्या जुन्या भिंतींकडे पाहावे.

बैठकीत त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण निघताना धाकट्याने मला दारापर्यंत सोडले आणि विचारले, "सर, असा पट्टा घालून एकमजली घर बांधले, तर बापूजींना तिथे निर्धास्त राहता येईल का?" मी म्हटले, "निर्धास्त हा शब्द कच्छमध्ये वापरू नकोस. पण घर नीट बांधलेस, तर जमीन हलली तरी बापूजी चालत बाहेर येतील, एवढी आशा धरता येते." दोन दिवसांनी काका स्वतः आले. मुलाने भुजच्या एका अभियंत्याला जागा दाखवायचे ठरवले आहे, एवढेच त्यांनी सांगितले आणि नेहमीसारखे दुकान उघडायला गेले.