नौका स्वदेशी, गणित कोणाचे?

४ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात ‘शेफील्ड’ या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले. २० जण प्राणास मुकले. त्या वेळी नौकेवरून उपग्रहामार्फत संदेशवहन चालू होते आणि त्यामुळे शत्रूच्या रडारची चाहूल देणारे तिचेच उपकरण बधिर झाले होते. अनर्थाला अन्य कारणेही होती; तथापि एकाच नौकेवरील दोन यंत्रणा परस्परांच्या वैरी ठरू शकतात, हा धडा विसरता येण्याजोगा नाही.

नौकेचे डोलकाठीसारखे मनोरे, कठडे, तोफा, सारे पोलाद लहरी परतवते, अडवते, वळवते. म्हणून अँटेना कोठे बसवावा, हे पोलाद कापण्यापूर्वीच ठरवावे लागते. पूर्वी त्यासाठी नौकेच्या छोट्या पितळी प्रतिकृती करून मोजमाप घेत. आज हे काम संगणक करतो. पण त्याच्याही शक्तीला मर्यादा आहे. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आहे. दहा गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अवघी तीन सेंटिमीटर. अचूक गणितासाठी पृष्ठभागाचे साधारण तीन मिलिमीटरचे तुकडे पाडले, तर एका चौरस मीटरमध्येच एक लाखाहून अधिक तुकडे होतात आणि त्यांचे परस्परसंबंध बाराशे कोटींवर जातात. मग संपूर्ण नौकेचे काय?

यावरचा तोडगा म्हणजे संकरित पद्धत. अँटेना आणि त्याच्या निकटचा भाग यांचे सूक्ष्म गणित करायचे. दूरवरच्या विस्तीर्ण पोलादावर मात्र लहरींना प्रकाशकिरण मानायचे. थील आणि न्यूहाउस यांनी १९७५ मध्ये असा मेळ घालून दाखवला. त्याआधी, १९७४ मध्ये, कडेवरून वळणाऱ्या किरणांचे गणित छायेच्या सीमेवरही टिकेल असे करणाऱ्या दोघांपैकी एक होते प्रभाकर पाठक, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. हे संशोधन त्यांच्या हातून घडले ते अमेरिकेतील ओहायोत.

ही विद्या गुप्त नाही. ती छापील स्वरूपात जगापुढे आहे. दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉशसारख्या छोट्या विद्यापीठनगरीतून ‘फेको’ ही याच क्षेत्रातील आज्ञावली जगभर गेली. २०१४ मध्ये ती एका अमेरिकन कंपनीने विकत घेतली.

तयार आज्ञावली मिळत असताना पुन्हा श्रम कशाला, असे कोणी विचारील. विकत घेण्यात गैर काही नाही. परंतु सूक्ष्म गणित कोठे थांबवावे आणि किरणांचे कोठे सुरू करावे, ही सीमारेषा अभियंत्यालाच आखावी लागते. ती चुकली, तरी पडद्यावर सुबक रंगीत चित्र उमटतेच! परवान्याबरोबर हा निर्णय विकत मिळत नाही.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना केवळ कळ दाबायला न शिकवता, लहानशी का होईना, अशी आज्ञावली स्वतः लिहायला आणि प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहायला लावले पाहिजे. नौकेचा सांगाडा स्वदेशी असणे अभिमानास्पदच आहे. त्यामागील गणितही आपल्या मुलांना उलगडता येईल, तेव्हा ते स्वावलंबन पूर्ण होईल.