मारवा चालतो, आडनाव चालत नाही

डेटिंग अ‍ॅपवर 'शास्त्रीय संगीताची आवड' असे लिहिले की समोरच्याने तुमची जात मनात ठरवून टाकलेली असते. आमच्या एका मैत्रिणीने तसे लिहिले. एका मुलाशी तीन आठवडे मारव्यावर गप्पा रंगल्या, डिसेंबरात सवाई गंधर्वला सोबत जायचे ठरले. मग त्याने आडनाव विचारले. "वाटत नाही हं!" एवढेच उत्तर आले, नंतर काहीच नाही.

हे गाणे यांच्या मालकीचे झाले कधी? केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातून आल्या. तंबोरे मिरजेच्या मुसलमान कारागिरांनी घडवले. तबल्याची पुडी कातड्याची, आणि कातडे कमावणारे हात कोणाचे हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपल्यातलेही काही जण ख्याल ऐकणाऱ्याला 'बामणी झालास' म्हणून हिणवतात. म्हणजे त्या मुलाचेच म्हणणे खरे ठरवतात! बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आणि आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय, हे त्यांनी १९३६ सालीच लिहून ठेवले. जिथे माणसे आवडीने जवळ येतात, ती जागा आपण का सोडायची?

मैत्रीण सवाईला गेलीच, आम्ही चौघे सोबत होतो. तिच्या प्रोफाइलमध्ये आता आडनाव आधी आहे, मारवा नंतर.