नुंगंबाक्कमचा घरबाजार : शिल्लक साठा आणि विक्रीचा वेग काय सांगतात?

चेन्नईच्या मध्यवर्ती नुंगंबाक्कम भागात घरबांधणीसाठी मोकळी जमीन जवळजवळ उरलेली नाही. येथील तलावाची जागा भरून त्यावर वळ्ळुवर कोट्टम हे स्मारक १९७६ मध्ये उभे राहिले. लॉयोला महाविद्यालय, प्रादेशिक हवामान केंद्र आणि प्राप्तिकर कार्यालय यांच्या आसपासच्या गल्ल्यांत आज नवी इमारत उभी राहते ती जुना बंगला किंवा जुनी इमारत पाडूनच. अशा भागात सदनिका आताच घ्यावी की थांबावे, आणि राहती इमारत विकासकाच्या हाती सोपवावी की नाही, हे प्रश्न अनेक कुटुंबांसमोर आहेत. दादर, पार्ले किंवा पुण्याच्या डेक्कन परिसरातील रहिवाशांनाही ते परके नाहीत.

मालमत्ता क्षेत्रातील अहवाल या प्रश्नांसाठी एक आकडा पुढे करतात. न विकलेल्या सदनिकांचा साठा सध्याच्या वेगाने संपण्यास किती महिने लागतील, हे तो सांगतो. संपूर्ण शहराचा कल समजण्यास तो उपयुक्त आहे. मात्र एखाद्या वस्तीला तो जसाच्या तसा लावल्यास दिशाभूल होण्याचा संभव अधिक असतो.

हिशेब आणि त्यातील फसगत

गणित साधे आहे. शिल्लक सदनिकांच्या संख्येला दरमहा सरासरी विक्रीने भागायचे. अमेरिकेत जुन्या घरांच्या बाजारात सुमारे सहा महिन्यांचा साठा समतोल मानला जातो. भारतात बांधकाम सुरू असतानाच घरे विकली जात असल्याने दीड ते दोन वर्षांचा साठाही चिंताजनक समजला जात नाही. त्यामुळे परदेशी मोजपट्टी येथे चालत नाही.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. समजा, एखाद्या वस्तीत ६० सदनिका शिल्लक आहेत आणि गेल्या १२ महिन्यांत ४० विकल्या गेल्या. साठा १८ महिन्यांचा, म्हणजे बाजार ठीक आहे, असे वाटेल. परंतु शिल्लक ६० पैकी १५ मध्यम आकाराच्या आणि ४५ प्रशस्त, महागड्या असतील, आणि विक्रीत ३० मध्यम व केवळ १० महागड्या असतील, तर चित्र पालटते. मध्यम सदनिकांचा साठा सहा महिन्यांचा, तर महागड्यांचा तब्बल ५४ महिन्यांचा निघतो. पहिल्या गटातील ग्राहकाला घासाघीस करण्यास फारसा वाव नाही. दुसऱ्या गटातील ग्राहकाला घाई करण्याचे कारण नाही. १८ महिन्यांची सरासरी या दोघांपैकी एकालाही लागू पडत नाही.

शहराच्या सरासरीबाबत हेच घडते. चेन्नईच्या आकड्यांवर शोळिंगनल्लूर, नावलूर, सिरुसेरी या जुन्या महाबलीपुरम मार्गावरील मोठ्या गृहसंकुलांचा प्रभाव असतो. तेथे एकाच प्रकल्पात शेकडो घरे असतात. नुंगंबाक्कममधील इमारतींत ती बहुधा दहा-वीस, क्वचित त्याहून कमी असतात. दोन्ही ठिकाणचा ग्राहक वेगळा, किंमत वेगळी आणि विक्रीची गतीही वेगळी.

नोंदीबाहेरचा साठा

स्थावर संपदा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. या कायद्याच्या कलम ११ नुसार किती आणि कोणत्या प्रकारच्या सदनिकांची नोंदणी झाली, हे विकासकाने दर तिमाहीला प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अद्ययावत करावे लागते. सामान्य ग्राहकाला शिल्लक साठा स्वतः मोजता येण्याची ही मोठी सोय आहे.

परंतु याच कायद्याच्या कलम ३ मध्ये लहान प्रकल्पांना सूट आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणीचे बंधन नाही. चेन्नईत जमीन 'ग्राउंड' या एककात मोजतात. एक ग्राउंड म्हणजे २,४०० चौरस फूट. दोन ग्राउंडचा भूखंड सुमारे ४४६ चौरस मीटर भरतो. म्हणजेच जुना बंगला पाडून उभारलेली सहा-आठ सदनिकांची इमारत अधिकृत मोजणीतून सहज सुटू शकते. जेथे पुरवठा प्रामुख्याने अशाच भूखंडांतून येतो, तेथे ही त्रुटी किरकोळ नाही.

दुसरा अदृश्य साठा जमीनमालकांचा असतो. संयुक्त विकासाच्या करारात मालक आणि विकासक सदनिका वाटून घेतात. विकासकाच्या विक्री कार्यालयात 'दोनच शिल्लक' असे सांगितले जाते, तेव्हा मालकाच्या वाट्याच्या तीन सदनिका दलालामार्फत विक्रीला असू शकतात. वरील उदाहरणात अशा दहा महागड्या सदनिकांची भर पडली, तर ५४ महिन्यांचा साठा ६६ महिन्यांवर जातो.

वेगही तपासून घ्यावा लागतो

भागाकारातील दुसरी संख्या, म्हणजे विक्रीचा वेग, तितकाच चंचल असतो. महाराष्ट्राने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले. सवलतीच्या अखेरच्या महिन्यात मुंबईतील दस्तनोंदणी १९ हजारांवर गेली आणि शुल्क ३ टक्के होताच जानेवारी २०२१ मध्ये सुमारे १० हजारांवर आली. डिसेंबरचा वेग धरून साठा मोजणाऱ्याला बाजार तेजीत दिसला असता आणि जानेवारीचा धरणाऱ्याला मंदीत. प्रत्यक्षात बरीचशी खरेदी केवळ आधी उरकली गेली होती.

तमिळनाडूत हंगामाचाही परिणाम होतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच्या आडी महिन्यात गृहप्रवेश आणि नवे व्यवहार टाळण्याची प्रथा आहे, जशी आपल्याकडे पितृपक्षात असते. पोंगलनंतर व्यवहार पुन्हा वाढतात. महिन्याला मोजकीच विक्री होणाऱ्या वस्तीत एका-दोन व्यवहारांनीही टक्केवारी उलटीपालटी होते. म्हणून वेग किमान १२ महिन्यांचा धरणे इष्ट. शिवाय संकेतस्थळावरील आरक्षण रद्दही होऊ शकते. नोंदणीकृत दस्त हा अधिक भक्कम पुरावा होय.

पणाला काय लागते?

या हिशेबाची सर्वाधिक गरज नव्या ग्राहकापेक्षाही जुन्या रहिवाशाला आहे. तमिळनाडूच्या २०२२ च्या सदनिका मालकी कायद्याने दोन-तृतीयांश मालकांच्या संमतीने पुनर्विकासाचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात २०१९ च्या शासन निर्णयानुसार गृहनिर्माण संस्थेच्या ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. संमती मिळवणे सोपे झाले असले, तरी इमारत पूर्ण होण्याची हमी त्यातून मिळत नाही.

पुनर्विकासाचा खर्च बहुतांशी विक्रीसाठीच्या सदनिकांतून निघतो. रहिवाशांना मिळणारे पर्यायी घराचे भाडेही त्याच पैशावर अवलंबून असते. परिसरात त्याच प्रकारच्या महागड्या सदनिकांचा चार-पाच वर्षांचा साठा पडून असेल, तर विकासकाने दिलेली तीन वर्षांची मुदत कागदावरच राहण्याचा धोका असतो. घर रिकामे करून दिलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या दृष्टीने ही दिरंगाई उतारवयातील वर्षांची असते.

यामुळे करारावर सही करण्यापूर्वी रहिवाशांनी आसपासच्या इमारती प्रत्यक्ष मोजाव्यात. तयार आणि बांधकामाधीन सदनिका वेगळ्या लिहाव्यात. आकार व किमतीनुसार गट पाडावेत आणि मालकांच्या वाट्याची चौकशी करावी. एका गल्लीपुरते हे काम चार-दोन सुट्यांच्या दिवसांत होण्याजोगे आहे. नुंगंबाक्कममधून जाणारा चेन्नई मेट्रोचा नवा मार्ग भविष्यात मागणी वाढवील, असा युक्तिवाद विक्रेते करतात. तो खरा ठरेलही. तथापि मेट्रो येईपर्यंतचे भाडे कोण आणि कोणत्या पैशातून भरणार, याचे उत्तर शिल्लक साठा आणि विक्रीचा वेग यांच्या स्थानिक हिशेबातूनच मिळते.