गाण्यावर हसणारे आपलेच असतात

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीसमोर सात विषय होते. शिष्यवृत्तीचे अर्ज, अभ्यासिकेचं भाडं, रक्तदान शिबिर वगैरे. पहिले सहा विषय चाळीस मिनिटांत संपले. सातव्याला सव्वा तास लागला. सातवा विषय होता, ‘गटगीताची चेष्टा’.

आमच्या छोट्या स्वयंसेवी गटाला एक अधिकृत गीत आहे. आमचेच एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणतो, त्यांनी ते लिहिलं. विकास, प्रकाश, विश्वास ही यमकं ओळीने येतात. तिसऱ्या कडव्यात गटाची आठही उद्दिष्टं आहेत. त्यातला ‘पारदर्शकता’ हा शब्द चालीत बसत नाही. तिथे पोचलं की निम्म्या लोकांचा श्वास संपतो आणि उरलेले पुढच्या ओळीवर उडी मारतात. दर कार्यक्रमाला हेच होतं आणि दर कार्यक्रमाला मागच्या रांगेत खसखस पिकते.

बी. कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या आमच्या एका कार्यकर्तीने या गीताचं विडंबन केलं. आठ उद्दिष्टांच्या जागी तिने शिष्यवृत्तीच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं घातली. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, पासबुकाची झेरॉक्स, आधार लिंक. ‘पारदर्शकता’च्या जागी ‘सर्व्हर डाउन’. ते चालीत अगदी नीट बसतं. ग्रुपवर आलं आणि तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलवर वाजू लागलं.

बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, “गीताचा आदर नाही, त्यांना संघटनेचा काय असणार?” तिने लेखी माफी मागावी आणि सहा महिने बाजूला राहावं, असा ठराव आला. चर्चा अपुरी राहिली आणि निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. रात्री तिचा मेसेज आला, “भाई, मी खरंच इतकी चुकले का?”

तिला दोन ओळींत उत्तर देता येईना. म्हणून हा लेख.

मी इंजिनिअरिंगला असताना राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये होतो. सुरुवात कशाने झाली हे प्रामाणिकपणे सांगतो. सवलतीचे मार्क मिळतात असं ऐकलं होतं. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांतल्या 40 हजार विद्यार्थ्यांपासून सुरू झाली. वर्षाला 120 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं आठ आऱ्यांचं चाक. आणि अर्थातच एक गीत. ते रौप्यमहोत्सवाच्या वर्षात तयार झालं. प्रत्येक स्वयंसेवकाने ते शिकावं आणि कार्यक्रमांत म्हणावं, अशी अपेक्षा योजनेच्या माहितीपुस्तिकेतच लिहिलेली आहे.

जानेवारीतल्या शिबिरात आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरलो होतो. पहाटे साडेपाचला कर्ण्यावर ते गीत लागायचं. ते माणसाला उठायला सांगतं, समाजासाठी. थंडीत, सतरंजीवर, रात्री एकपर्यंत गप्पा मारून झोपलेल्या पन्नास पोरांना. त्या गाण्याच्या नशिबी काय येणार हे वेगळं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी त्याची आमची आवृत्ती तयार केली. त्यात पातळ आमटी होती, सरांची शिट्टी होती, बौद्धिकाला झोपणाऱ्यांची यादी होती आणि आंघोळीच्या पाण्याची रांग होती. दिवसभर आम्ही रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालत होतो. गोण्या हातोहात पुढे देताना पन्नास जण हीच आवृत्ती म्हणायचे. मूळ गीताला एवढा खडा आवाज कधी लागला नव्हता.

पाचव्या संध्याकाळी एक पाहुणे आले. शेकोटीपाशी आम्ही चौघांनी विडंबन म्हटलं. सगळे हसले, पाहुणेही हसले. नंतर त्यांनी चौघांची नावं विचारली. माझं नाव ऐकल्यावर हसणं थांबवून मला म्हणाले, “तुम्ही तरी असलं करू नये. राष्ट्राचं गाणं आहे.”

ते राष्ट्राचं गीत नव्हतं, एका योजनेचं गीत होतं. पण तो मुद्दा नाही. आवाज चार होते, जबाबदारी एकावर आली. मी मान खाली घातली. माझ्या शेजारचा, ज्याने पातळ आमटीची ओळ रचली होती, तोही गप्प झाला.

आमचे कार्यक्रम अधिकारी मात्र उठले. ते कमी बोलणारे. म्हणाले, “साहेब, आज याने दोनशे गोण्या उचलल्यात. त्याने गाणं कसंही म्हणू दे.” आणि मला म्हणाले, “दुसरं कडवं राहिलं, म्हण.”

मी म्हटलं. आवाज कापत होता, पण म्हटलं. त्या रात्री पहिल्यांदा मला ही योजना माझी वाटली. मार्कांचा विषय त्यानंतर डोक्यात आला नाही.

असली गीतं अशी का होतात, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्या धंद्यात एखाद्या प्रणालीत काय काय हवं याची यादी करतात. प्रत्येक विभाग आपला एकेक मुद्दा घालतो, कुणाचाच मुद्दा काढता येत नाही, आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या असलेलं, कुणालाच न आवडणारं काहीतरी तयार होतं. संघटनेचं गीत याच रस्त्याने जातं. त्यात सगळी उद्दिष्टं हवीत, कुणी दुखावता कामा नये, आणि गळा नसलेल्या माणसालाही ते म्हणता आलं पाहिजे. एवढ्या अटींतून कविता वाचत नाही. पण गीताचं काम कविता होणं नसतंच. शंभर अनोळखी माणसांना एका वेळी एकच गोष्ट करायला लावणं, हे त्याचं काम. ते आमचं गीतही करतं, ‘पारदर्शकता’पर्यंत.

आमच्या क्षेत्रातलं एक उदाहरण सांगतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर करून मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली. पुढे त्यांनी चळवळीसाठी एक गाणंही लिहिलं. चाल बल्गेरियाच्या ‘सादी मोमा’ या लोकगीताची, ताल सात मात्रांचा, आणि आवाज त्यांचा स्वतःचा. त्या गाण्यावर सगळ्यात जास्त कोण हसतं? त्याच चळवळीतले लोक. रात्र रात्र जागून फुकट कोड लिहिणारे. बाहेरच्यांना ते गाणं माहीतही नसतं. थट्टा करायला आधी गाणं पाठ असावं लागतं, आणि पाठ व्हायला माणूस कार्यक्रमांना यावा लागतो.

आपल्या महाराष्ट्रात तर ही जुनी रीत आहे. सत्यशोधकांनी आपला विचार गावोगाव नेला तो तमाशाच्या अंगाने जाणाऱ्या जलशांतून. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकासाठी पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ लिहिलं, ते पुढाऱ्यांची टोपी उडवणारं. निळू फुले त्याच कलापथकातून घडले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकात डफावर स्फूर्तिगीतही होतं आणि वगातली टिंगलही. या माणसांच्या निष्ठेवर कुणी शंका घेईल का?

आता दुसरी बाजू. चाचांना वाईट वाटलं, आणि ते वाटणं खोटं नाही. त्यांनी हे गीत पेन्शनच्या पैशांतून रेकॉर्ड करून घेतलं. कुणी त्यांच्या थरथरत्या आवाजाची नक्कल केली असती, तर मी ठरावाच्या बाजूने हात वर केला असता. माणसाच्या आवाजावर, दिसण्यावर, गरिबीवर हसणं वेगळं आणि गाण्यात अडकलेल्या शब्दावर हसणं वेगळं. कधीही झाडू न उचललेला माणूस लांबून फिदीफिदी हसतो, तो तुच्छतेने. ही मुलगी मात्र दर रविवारी चार तास त्या अर्जांच्या टेबलावर बसते. तिने घातलेला प्रत्येक शब्द तिने कुठल्यातरी आईबापाला तीन तीनदा समजावून सांगितलेला आहे. विडंबन नीट ऐकलं तर तो आमच्या कामाचा खरा अहवाल आहे.

आणि आपल्याबाबतीत हा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत मुलांना लवकर शिकवतात, चार लोकांत जपून हस. माझी अम्मी कॉलेजला जाताना हेच सांगायची. “दुसऱ्यांची मस्करी खपते, तुझी खपणार नाही.” तिचं चूक नव्हतं, शेकोटीपाशी ते मी पाहिलं. कार्यक्रमात गीत सुरू झालं की आपल्या ओठांकडे बघणारे डोळे आपल्याला ओळखू येतात. म्हणून आपण जरा जास्तच ताठ उभे राहतो, जरा जास्तच मोठ्याने म्हणतो. असं वागतो तो पाहुणा. घरचा माणूस जांभई देतो, खोड्या काढतो, आणि बोलावल्यावर पहिल्यांदा धावतो.

मग जे डोळे आपल्याला बाहेर टोचतात, तेच आपण आपल्या गटात आपल्याच मुलीवर का रोखायचे? ही एकच जागा आहे जिथे तिला कुणाला निष्ठा सिद्ध करून दाखवायची गरज नसावी. तिथेही आपण माफीनामा मागितला, तर ती तो देईल. ती गुणी मुलगी आहे. मग पुढच्या वर्षी हिशेबात एखादी रक्कम जुळली नाही, तर ती विचारणार नाही. गाण्यातल्या ‘पारदर्शकता’वर हसू न देणारी संघटना खऱ्या पारदर्शकतेबद्दल प्रश्न कसा विचारू देईल? माणसं एकदम गप्प होत नाहीत. आधी हसणं सोडतात, मग विचारणं सोडतात, मग येणं सोडतात.

म्हणून पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी सुचवणार आहे. माफीचा ठराव मागे घ्यावा. आणि वर्धापनदिनाला आधी चाचांचं गीत सगळ्यांनी उभं राहून, पूर्ण म्हणावं. नंतर जेवणाच्या वेळी तिने आपलं म्हणावं. चाचांना पहिल्या रांगेत बसवावं. परवा मी त्यांना घरी भेटून हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “सर्व्हर डाउन खरंच चालीत बसतं?” मी म्हणून दाखवलं. ते टेबलावर बोटांनी मात्रा मोजत होते.

एनएसएसचं गीत आज मला पूर्ण पाठ आहे. दर 24 सप्टेंबरला ऑफिसात ते आपोआप ओठांवर येतं, आणि दुसऱ्या ओळीला पातळ आमटी त्यात शिरतेच. त्या चौघांपैकी तिघे अजून कुठे ना कुठे स्वयंसेवक म्हणून काम करतात. बंधाऱ्याच्या गोण्या केव्हाच फाटल्या असतील.

तिच्या मेसेजला मी अखेर एवढंच उत्तर पाठवलं: रविवारी ये. टेबल तुझंच आहे. आणि दुसरं कडवं राहिलंय.