घर आणि दार : डस्टर काळा पडला म्हणून टाकू नका



आपल्या घुग्घुसच्या धुळीला तीन रंग आहेत. काळी धूळ कोळशाची, करडी सिमेंटची आणि तांबडी लोहखनिजाची. रात्री धुऊन उभी केलेली गाडी सकाळी पाहावी, तर बॉनेटवर बोटाने नाव लिहिता येते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक पट्ट्यांचे प्रदूषण मोजले. त्यात चंद्रपूरचा क्रमांक चौथा लागला आणि त्या पट्ट्यात घुग्घुसचेही नाव होते. धूळ उडूच नये यासाठी संघटितपणे भांडावेच लागेल. पण तोवर सकाळी दारापुढची गाडी पुसणे काही चुकत नाही. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आमच्या शेजारच्या पोराने बँकेचे कर्ज काढून जुनी गाडी घेतली. वणी, चंद्रपूर, नागपूर अशा सवाऱ्या मारतो. घर त्या गाडीवरच चालते. पोरगा कष्टाळू आहे. पहाटे उठून आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्याने गाडी खसाखसा घासतो. एक दिवस उन्हात गाडी उभी होती. पाहतो तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे!

मला म्हणाला, “काकाजी, मी त रोज पुसतो नं, तरी गाडी अशी कावून दिसते?”

मी म्हणालो, “बापू, तू रोज अशी पुसतोस म्हणूनच!”

त्याला हसू आले नाही. यायचे कारणही नव्हते. उद्या गाडी विकायची वेळ आली, तर गिऱ्हाईक आधी रंग पाहते आणि ओरखडे दाखवून किंमत पाडते. कर्जाचा हप्ता मात्र कोणी पाडत नाही.

यातले कारण समजून घ्या. कोळसा स्वतः मऊ असतो, पण रस्त्यावरच्या धुळीत रेतीचे आणि दगडाचे कण असतात. ते गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी कठीण. कोरडे फडके दाबून फिरवले, की तेच कण रंगावर घासले जातात. म्हणजे आपण गाडी पुसत नाही, तिला पॉलिश पेपर लावतो! म्हणून नियम एकच : धूळ उचलायची, घासायची नाही.

ही धूळ उचलण्यासाठी गाडीचा डस्टर मिळतो. सुती दोऱ्यांचा झुपका असतो आणि त्या दोऱ्यांना मेण पाजलेले असते. मेणामुळे धूळ दोऱ्याला चिकटते आणि रंगावरून सुटते. पुण्यात तयार होणारा ‘जोपासू’ हा असाच डस्टर. नाव ऐकताच आपल्याला जोपासणे आठवते, आणि काम तेच आहे.

वापरण्याची रीत अशी :

नवा डस्टर लगेच गाडीला लावू नका. दोरे मोकळे करून रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर पसरून ठेवा. जास्तीचे मेण कागद शोषून घेतो. नाहीतर रंगावर तेलकट पट्टे उमटतात.

गाडी थंड आणि कोरडी असताना, सकाळीच झाडा. मात्र दव पडले असेल तर वाळेपर्यंत थांबा. दवात सिमेंटची धूळ भिजली तर तिचा लगदा होऊन ती चिकटून बसते, आणि डस्टर लावला की रेघा उठतात.

वरून सुरुवात करा. आधी टप, मग बॉनेट आणि डिक्की, शेवटी दारे. हात हलका ठेवा. डस्टरचे जेवढे वजन तेवढाच दाब पुरे. एका दिशेने फिरवा, गोल गोल नको. एक भाग झाला की बाजूला जाऊन डस्टर झटका, मग दुसरा भाग घ्या. चाकाजवळचा आणि दाराखालचा भाग सोडून द्या. तिथे खडे आणि चिखल असतो, त्याला पाणीच हवे.

समोरच्या काचेला डस्टर लावू नका. काचेवर मेणाचा पातळ थर बसतो आणि रात्री समोरून ट्रक आला की त्याच्या उजेडात काहीच दिसत नाही. आपल्या भागात ट्रकांची रांग तुटत नाही, तेव्हा ही गोष्ट जिवाची आहे. काचेसाठी ओले स्वच्छ फडके वेगळे ठेवा.

चिखल, पक्ष्यांची विष्ठा, वाळलेले सिमेंट यांवर डस्टर चालत नाही. धुळीचा जाड थर असला तरी आधी पाण्याने सोडवा. तांबडे ठिपके रंगात रुतलेले दिसले, तर ते लोखंडाच्या कणांचे गंज असू शकतात. ते नखाने खरवडू नका, पेंटिंगवाल्याला दाखवा.

याने धुणे सुटत नाही, पण दोन धुण्यांमधले दिवस वाढतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, बायामाणसे हंड्यासाठी थांबतात, आणि आपण पाइप लावून रोज गाडी धुवावी हे शोभत नाही.

आता डस्टरची निगा. तो पिशवीत घालून डिक्कीत ठेवा किंवा खुंटीला टांगा. सीटवर, डॅशबोर्डवर टाकू नका, मेणाचे डाग पडतात. मेणाचे सूत भुरकन पेटते, म्हणून चूल आणि विडी-काडीपासून दूर ठेवा. जमिनीवर पडला तर चांगला झटकून, दोरे चाचपून पाहा. आत एक खडा राहिला तरी घात होतो.

झटकताना वाऱ्याकडे पाठ करा, नाकाला दुपट्टा बांधा. अंगणातले वाळवण, पाण्याचे मडके आणि लेकरे जवळ नकोत. कोळशाची आणि दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात गेली, तर तिथून ती झटकून काढणारा डस्टर अजून निघालेला नाही. म्हणून हौसेने बापाच्या मागे धावणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला हे काम देऊ नका.

आणि सर्वांत मोठी चूक! महिन्याभरात डस्टर काळा पडतो. मग गृहिणी म्हणते, “किती मळका झाला, शी!” आणि साबणात उकळून काढते. मेण निघून जाते आणि डस्टरचे पुन्हा साधे फडके होते. डस्टर काळा पडला म्हणजे बिघडला नाही, त्याने काम केले. झटकत राहा, तो पुष्कळ दिवस चालतो. दोरे झडू लागले, धूळ उचलेनाशी झाली, तरच बदला. आणि जुना चाकांसाठी ठेवा.

इथे मला चूळपंथकाची गोष्ट आठवते. राजगृहाचे दोन भाऊ, दोघांचा जन्म प्रवासात, वाटेवर झाला म्हणून नाव पंथक. धाकट्या चूळपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरल्या भावाने, भिक्खू महापंथकाने, त्याला विहार सोडून जायला सांगितले. तथागतांनी मात्र त्याला जवळ घेतले. हातात एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ‘रजोहरण, रजोहरण’ म्हणत ते चोळायला सांगितले. रजोहरण म्हणजे धूळ काढणे. चोळता चोळता वस्त्र मळले. चूळपंथकाच्या ध्यानात आले, की पांढरे ते पांढरे राहत नाही, आणि मनाची धूळ म्हणजे लोभ, द्वेष, मोह. ज्याला मंद म्हणून हाकलले, तो अर्हत झाला. पुढे कथेत चमत्कार जोडले गेले, ते बाजूला ठेवू. बुद्धांनी कोणालाही टाकाऊ मानले नाही, हा त्यातला खरा अर्थ.

आपल्या बापजाद्यांनी गावाचा मळ काढला, आणि गावाने त्यांनाच मळके म्हटले. फडके काळे झाले म्हणून फडक्याला शिव्या देण्याचाच तो प्रकार होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, ती या अन्यायातून माणूस बाहेर काढण्यासाठी. तेव्हा ज्यांच्या दारात गाडी आहे, ज्यांनी ती पुसायला क्लिनर पोरगा ठेवला आहे, त्यांनी त्याला नावाने हाक मारावी, नाकाला बांधायला कापड द्यावे, पगार वेळेवर द्यावा आणि त्याच्या शाळेची चौकशी करावी. सुटीच्या दिवशी डस्टर स्वतःच्या हातात घ्यावा. हात काळे होतील, होऊ द्या. साबणाने निघतात.

शेजारच्या पोराने डस्टर आणला आहे. जुने ओरखडे गेले नाहीत, पण नवे पडले नाहीत. यंदा ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला आईला त्याच गाडीने नेणार म्हणतो. काच ओल्या फडक्याने पुसशील ना, एवढेच मी विचारले.

नमो बुद्धाय! जयभीम!