आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

टॉरेंटचा अपलोड वेग वरखाली होऊ लागला, की आपला पहिला फोन इंटरनेटवाल्याला जातो. तो राउटर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगतो, वेग मोजणाऱ्या साइटवर आकडा चोख येतो आणि दोघेही चिडून फोन ठेवतात. टेबलावरची एक्स्टर्नल हार्ड डिस्क एवढा वेळ टिक-टिक करत असते. तिची चौकशी कोणी करत नाही.

यात दोष थोडा खोक्याचाही आहे. डिस्कच्या खोक्यावर ठळक छापलेले असते : यूएसबी 3.0, सेकंदाला 5 गिगाबिट. हा आकडा वायरीचा, आतल्या तबकडीचा नव्हे. खिशात मावणाऱ्या बहुतेक डिस्कमधली तबकडी मिनिटाला 5400 फेरे घेते. मोठी फाइल सलग वाचायची तर ती सेकंदाला शंभरेक मेगाबाइट सहज देते. पण टॉरेंटला सलग काही नकोच असते. ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये बिटटॉरेंट आणले, त्याची सगळी करामतच फाइलचे तुकडे करून ते वाटेल त्या क्रमाने वाटण्यात आहे. मागणी येते ती साधारण 16 किलोबाइटच्या ठोकळ्यांची. एकाला सुरुवातीचा हवा, दुसऱ्याला शेवटचा, तिसऱ्याला भलत्याच फाइलमधला. ग्रंथालयातल्या शिपायाला एक अख्खे कपाट रिकामे करायला सांगा, तासाभरात करील. चाळीस सभासदांनी चाळीस कपाटांतले एकेक पान मागितले, तर तो दिवसभर नुसता चालत राहील.

हिशेब सोपा आहे. डिस्कची मुंडी योग्य जागी न्यायला दहा-बारा मिलिसेकंद, हवा तो भाग फिरून खाली यायला सरासरी साडेपाच. म्हणजे सेकंदाला साठेक फेऱ्या. दर फेरीला 16 किलोबाइट धरले, तर हाती एक मेगाबाइटसुद्धा पडत नाही. एरवी जे निभते ते मेमरीतल्या कॅशच्या कृपेने. मागितलेला तुकडा तिथे आधीच असेल तर आलेख उसळतो, नसेल तर कोसळतो. फायबरच्या जोडणीला नावे ठेवून यात काय फरक पडणार?

थोडे हेलकावे तर टॉरेंटच्या स्वभावातच आहेत. कोणाला द्यायचे याचा फेरविचार ते दर दहा सेकंदांनी करते आणि तीस सेकंदांनी एका नव्याला संधी देते. तो आजार नव्हे.

खरा आजार बहुधा वायरीपाशी सापडतो. माझ्याकडे डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ फाइल वाटायला ठेवली होती. (टॉरेंट म्हटले की चोरी, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी : डेबियन ती उघडपणे, स्वतःहून टॉरेंटवर देते.) मागणारे तुरळक, त्यामुळे मधल्या वेळात डिस्क झोपी जाई. पुढची मागणी आली की तबकडी पुन्हा गरगरायला काही सेकंद, आणि तेवढा वेळ वेग शून्य. विंडोजमधले यूएसबीची वीज वाचवण्याचे कलम बंद केले, डिस्कचे झोपणे थांबवले, आणि निम्मे दुखणे गेले. उरलेले निम्मे एका स्वस्त हबमध्ये होते. एकाच पोर्टच्या विजेवर हब, माउस आणि डिस्क पोसायची म्हणजे कोणीतरी उपाशी राहणारच. डिस्क थेट संगणकाला लावली आणि आलेख सरळ झाला.

तुमचे दुखणे वेगळे असू शकेल. मग तीच फाइल संगणकातल्या आतल्या डिस्कवर, एसएसडी असेल तर तिच्यावर, हलवून तिथून वाटून पाहा. तिथेही वेग डगमगला तरच इंटरनेटवाला दोषी.

मात्र डाउनलोड आणि अपलोड एकदम चालू असताना डिस्क अडखळत असेल, तर तिची बनावट तपासा. ज्यांच्यात माहितीचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्या डिस्क लिहिताना हमखास दमतात. वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्या अशा काही डिस्क तसे न सांगता विकत होत्या, हे 2020 मध्ये उघड झाले. औषधाच्या पट्टीवर घटक छापावे लागतात, तसे तबकडीचे फेरे आणि लिहिण्याची पद्धत खोक्यावर छापणे या कंपन्यांना जड जाऊ नये. तोवर ग्राहकाने दुकानातच विचारावे, आणि घरी असलेली वायर आज बदलून पाहावी. इंटरनेटवाल्याला फोन उद्या केला तरी चालेल.