भाजक्या तिळाचे तेल
मुलांच्या हट्टाखातर आम्ही महागडी बाटली आणली आणि घाण्याच्या तेलासारखी कढईत ओतून कांदा परतला. धूर झाला, भाजी कडवट. अम्मींनी न बोलता ताट सारले. चूक आमचीच. घाण्याचे फिकट तेल कच्च्या तिळाचे; हे तपकिरी तेल तीळ भाजून काढलेले. चीन, कोरिया, जपानमध्ये ते बहुधा शेवटी, सुवासापुरते घालतात. म्हणून सूप किंवा नूडल्स उतरवल्यावर चौघांना एक छोटा चमचा पुरे. घेताना लेबल वाचा. काहींत दुसऱ्या तेलाचे मिश्रण असते. लहान बाटली घ्या, अंधाऱ्या जागी ठेवा. पाहुण्यांना वाढण्याआधी तिळाची ॲलर्जी आहे का, जरूर विचारा. परवा अम्मींनी सूप पुन्हा मागून घेतले!